घरात कॉम्प्युटर दोन, आयट्यून्स म्हणतंय पाच भरले

रामबागकर | शनिवार, जुलै २०२५, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आली म्हणून धागा काढतोय, आधीचा कुठला असेल तर सांगा मी तिकडे जातो. प्रकार असा की मागच्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ वाला, त्यात आयट्यून्स, म्हणजे अॅपलचं गाणी-सिनेमे विकत घ्यायचं आणि लावायचं सॉफ्टवेअर टाकलं, बाहेरच्या हार्ड डिस्कवरून अख्खी लायब्ररी कॉपी केली, इथपर्यंत सगळं बढिया. आज आमच्या सौ. म्हणाल्या माझा सिनेमा लावा टीव्हीला केबल जोडून. बाहेर पाऊस, घरात भुट्ट्याचा कीस, मूड जमलेला. लावायला गेलो तर हा कॉम्प्युटर ऑथोराइज नाही म्हणे, म्हणजे माझ्या खात्यावर घेतलेलं लावायची याला परवानगी नाही. बरं बाबा, कर. पासवर्ड टाकला तर म्हणतो तुमच्या खात्यावर ५ कॉम्प्युटर आधीच ऑथोराइज आहेत, त्यातला एखादा काढा मग या.

अहो कुठले पाच? घरात एक डेस्कटॉप आणि हा नवा लॅपटॉप. माझा फोन, सौं.चा फोन आणि आयपॅड धरले तर होतात खरे पाच, पण फोन धरतात का यात? खात्याच्या पानावर जाऊन बघितलं तर नुसता आकडा आहे, ना नाव ना गाव. यादी कुठे मिळते?

सिनेम्याचं एक वेळ सोडा, मला धास्ती गाण्यांची आहे. अमीर खाँसाहेब, कुमारजी, नाट्यसंगीत, सगळं २०१३ पासून एकेक करून विकत घेतलंय. तेही असंच बंद पडलं तर मी काय करू?

सिनेमा लागला नाही. कीस मात्र संपला.

---

मालवी_जिरावन | शनिवार, रात्री १०.०५

काका फोन, आयपॅड, आयपॉड यातलं काहीही पाचात धरत नाहीत, फक्त कॉम्प्युटर. मॅक असो की विंडोज. आणि यादी कुठेच मिळत नाही, आकडाच दिसतो, तुम्ही बघितलंत तेवढंच.

सोपा उपाय, त्याच खात्याच्या पानावर कॉम्प्युटर ऑथोरायझेशन्स अशी ओळ आहे, तिच्या बाजूला "डीऑथोराइज ऑल" बटण असतं. दाबा, पाचही उडतील, मग नव्यावर आणि डेस्कटॉपवर परत ऑथोराइज करा. दोन मिनिटांचं काम.

---

छप्पनवाला_५६ | शनिवार, रात्री १०.११

दोन मिनिटांत तर टॉरेंटवरून सिनेमा पण येतो भिया 😄

---

रामबागकर | शनिवार, रात्री १०.२०

५६ साहेब, पैसे मोजून घेतलेली वस्तू चोरून आणायची पाळी माझ्यावर आणू नका.

जिरावन, बटण नाहीये. ओळ आहे, आकडा आहे, बटण नाही. चष्मा पुसून बघितलं.

---

मालवी_जिरावन | शनिवार, रात्री १०.२४

बटण दिसत नसेल तर दोनच कारणं. एक, दोनपेक्षा कमी कॉम्प्युटर जोडलेले आहेत, ते तर तुमचं नाही. दुसरं, गेल्या १२ महिन्यांत कोणीतरी ते दाबलंय. वर्षातून एकदाच वापरता येतं ते. आठवा बघू.

---

ग्वाल्हेरचा_पाहुणा | शनिवार, रात्री ११.१५

९० दिवस थांबा, आपोआप सुटतं. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालेलं.

---

सुदामानगरची_सून | रविवार, सकाळी ७.५०

९० दिवसांचं प्रकरण वेगळं आहे हो पाहुणे, लोक दोन्हीची खिचडी करतात. विकत घेतलेलं परत डाउनलोड करायला डिव्हाइस खात्याशी जोडलेलं लागतं, ते एकूण १० पर्यंत, त्यात कॉम्प्युटर जास्तीत जास्त ५. आणि एकदा एका खात्याला जोडलं की तेच डिव्हाइस दुसऱ्या खात्याला जोडायला ९० दिवस थांबावं लागतं. तुमच्या मेव्हण्यांनी बहुतेक खातं बदललं असेल. काकांचं ते नाहीच, यांचं ऑथोरायझेशन आहे, ते नव्वद काय नऊशे दिवस बसलात तरी आपोआप सुटत नाही.

रविवारचे पोहे करून परत येते.

---

रामबागकर | रविवार, सकाळी ९.३०

आठवलं!! गेल्या भाऊबीजेला मुलगा पुण्याहून आला होता, तेव्हाही असंच काहीतरी अडलं होतं आणि त्यानेच कुठलंतरी बटण दाबून "बाबा सगळं मोकळं केलं, आता निवांत" म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा जिलेबी आणायला गेलो होतो. हे एकदाच चालणारं बटण आहे हे तो बोलला नाही, नाहीतर मी बोलू दिलं नसेल.

म्हणजे भाऊबीजेला पाटी कोरी होती आणि आठ महिन्यांत परत पाच भरले? हे तर अजूनच समजून नाही राहिलं.

---

पाना_पेचकस | रविवार, सकाळी ११.०२

रिपेरिंगचं काम करतो, रोज बघतो हे. काका शांतपणे बसा आणि भाऊबीजेपासून आजपर्यंत ज्या ज्या मशीनवर तुमचा आयडी-पासवर्ड पडला त्या सगळ्या कागदावर लिहा. घरातल्या नाही, सगळ्या. आणि त्यातली कुठली मशीन मधे उघडली का, रॅम बदलली का, विंडोज नवं टाकलं का, तेही लिहा, घोडं बहुतेक तिथेच पेंड खातंय.

---

रामबागकर | रविवार, दुपारी ४.४०

लिहिलं. जेवण झाल्यावर दोन्ही मुलांना फोन लावून खात्री केली, त्यात तास गेला कारण प्रत्येकाला आधी हे काय आहे ते समजवावं लागतं आणि मग ते मलाच समजवतात.

डेस्कटॉप, भाऊबीजेच्याच दिवशी मुलाने जोडून दिला, हा पहिला. दुसरा त्याचाच मॅक, पुण्याचा, कारण त्याला माझ्याकडचे सिनेमे पाहिजेत आणि आयडी माझाच वापरतो. डिसेंबरात मुलगी आली बडोद्याहून, तिच्या लॅपटॉपवर नातवाची कार्टून बघायची होती म्हणून तिथेही माझाच पासवर्ड, तिसरा. चौथा माझा जुना लॅपटॉप, जो मी मागच्या आठवड्यात जेल रोडवर एका दुकानात एक्सचेंजमध्ये देऊन हा नवा घेतला. चारच होतात.

हां, डेस्कटॉप जानेवारीत फार रडत होता म्हणून त्यात एसएसडी बसवली, रॅम वाढवली आणि विंडोज नवीन टाकून घेतलं. पण मशीन तीच ना.

---

पाना_पेचकस | रविवार, संध्याकाळी ५.१५

झालं, सापडला पाचवा 😄 मशीन तुमच्यासाठी तीच काका, आयट्यून्ससाठी नाही. ते मशीनला तिच्या आतल्या भागांवरून ओळखतं. डिस्क बदलली, रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, की त्याला वाटतं हा दुसराच कोणी आला. आणि पहिला कधी "जातो" म्हणून सांगून गेलेला नसतो म्हणून तो पण पटावर राहतो. एकाच डेस्कटॉपने दोन जागा अडवल्यात. माझ्याकडे एकजण आलेला ज्याच्या एका मशीनने तीन खाल्लेल्या.

म्हणून मी गिऱ्हाइकाला मशीन उघडायच्या आधी विचारतो आयट्यून्स आहे का, असेल तर आधी डीऑथोराइज करा मग मला द्या. लोक माझ्याकडे असे बघतात जसा मी त्यांचा पासवर्डच मागितला.

आता करायचं काय, डेस्कटॉपवर आयट्यून्स उघडा, अकाउंट मेन्यू, ऑथोरायझेशन्स, "डीऑथोराइज धिस कॉम्प्युटर". झालं म्हणेल. परत तेच करा. परत झालं म्हणेल. जोपर्यंत हा कॉम्प्युटर ऑथोराइज नाहीच असं म्हणत नाही तोपर्यंत करत राहा. मग एकदाच ऑथोराइज करा. खात्याच्या पानावर आकडा बघत राहा मधे मधे.

---

रामबागकर | रविवार, संध्याकाळी ५.५८

मेन्यूच नाहीये वरती. फाइल एडिट काहीच नाही.

---

मालवी_जिरावन | रविवार, संध्याकाळी ६.०१

कंट्रोल आणि बी एकत्र दाबा काका, मेन्यू लपलेला असतो.

---

कॅसेटवाले_नाना | रविवार, रात्री ८.१०

उशिरा आलो, सानंद संस्थेचं नाटक होतं. सगळं वाचलं. तुम्ही मंडळी कुलूप कसं काढायचं ते सांगताय ते ठीकच आहे पण रामबागकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या गाण्यांच्या धास्तीचं कोणी बोलायलाच तयार नाही म्हणून मी बोलतो.

आयट्यून्सचं हे गाण्यांचं दुकान अमेरिकेत उघडलं २८ एप्रिल २००३ ला. तेव्हा गाण्यांना फेअरप्ले नावाचं कुलूप असायचं आणि तीनच कॉम्प्युटरवर गाणं वाजायचं. २००४ च्या एप्रिलात तिनाचे पाच केले, आणि त्याच वेळी एक प्लेलिस्ट सीडीवर १० वेळा उतरवता यायची ती ७ वर आणली, एका हाताने दिलं दुसऱ्या हाताने घेतलं. तो पाचाचा आकडा आजतागायत तसाच आहे. पण गाण्यांवरचं कुलूप २००७ पासून हळूहळू आणि २००९ मध्ये पूर्णच काढून टाकलं. आता आपल्याकडे हे दुकान सुरू झालं ४ डिसेंबर २०१२ ला. म्हणजे तुम्ही २०१३ पासून जे एकेक गाणं घेतलंत त्याला कुलूप कधी नव्हतंच. ऑथोराइज असो नसो, ते वाजणार. दुसऱ्या कुठल्या प्लेअरवर टाकलंत तरी वाजणार. सीडीवरून उतरवलेल्यांचा तर प्रश्नच नाही. कुलूप आहे ते सिनेम्यांना, आणि महिन्याचे पैसे भरून ऐकायच्या सेवेतून जे डाउनलोड करतात त्याला.

खात्री करायची तर गाण्यावर राइट क्लिक करून माहिती उघडा, "काइंड" समोर काय लिहिलंय बघा. पर्चेस्ड असेल तर मोकळं, प्रोटेक्टेड असेल तर कुलूपबंद. फाइलच्या नावावरूनही कळतं, शेवटी एम-फोर-ए म्हणजे मोकळं, एम-फोर-पी म्हणजे कुलूपवालं गाणं.

एक विचारू का, तुम्ही नव्या लॅपटॉपवर एकतरी गाणं लावून बघितलंत का?

---

रामबागकर | रविवार, रात्री ८.३५

नाही बघितलं.

आत्ता लावलं. खाँसाहेबांचा मारवा. वाजतोय.

काखेत कळसा आणि मी कालपासून गावाला वळसे घालत होतो. नाना, दंडवत. ज्या इंदूरच्या नावाने खाँसाहेबांचं घराणं ओळखतात त्याच गावात बसून मी त्यांना कुलूप लागलं म्हणून रडत होतो. मी सिनेम्यावर संदेश बघितला आणि घाबरून बाकी कशाला हातच लावला नाही. उद्या डेस्कटॉप बघतो, आज मारवा संपू दे.

---

छप्पनवाला_५६ | रविवार, रात्री ९.००

मारवा तर संध्याकाळचा असतो काका, रात्री नऊला कुठे

---

कॅसेटवाले_नाना | रविवार, रात्री ९.०४

हरवून सापडलेल्याला वेळ विचारत नाहीत.

---

तिळकनगर_तीन | सोमवार, सकाळी १०.२०

धाग्यात घुसतोय माफ करा, माझा वेगळा प्रॉब्लेम आहे. माझे पाच भरलेले नाहीत, दोनच आहेत. पण विंडोजवर सिनेमा लावला की ऑथोराइज करा म्हणतो, केलं की म्हणतो हा आधीच ऑथोराइज आहे, परत लावला की परत ऑथोराइज करा. असं गोल गोल चालू आहे दोन महिने.

---

पाना_पेचकस | सोमवार, दुपारी १.३०

आयट्यून्स बंद करा. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रामडेटा नावाचं फोल्डर, ते लपवलेलं असतं, व्ह्यूमधून हिडन आयटम्सवर टिक केली की दिसेल. त्यात अॅपल कॉम्प्युटर, त्यात आयट्यून्स, त्यात "एससी इन्फो" असं फोल्डर असेल. फक्त तेवढंच उडवायचं, आजूबाजूला हात लावायचा नाही. मशीन रीस्टार्ट करून परत ऑथोराइज करा. कुलपाची किल्ली त्या फोल्डरमध्ये असते आणि ती खराब झाली की हे गोल गोल चालू होतं.

---

तिळकनगर_तीन | सोमवार, दुपारी २.१०

झालं!!! दोन महिने!!! तुमचं दुकान कुठे आहे ते सांगा, गरम तळलेला गराडू कंद घेऊन येतो.

---

पाना_पेचकस | सोमवार, दुपारी २.१२

जुलैत कुठला गराडू. थंडीत या.

---

रामबागकर | सोमवार, रात्री ८.५०

रिपोर्ट देतो. कंट्रोल बी चाललं, मेन्यू आला. डेस्कटॉपवर पहिल्यांदा काढलं, झालं म्हणाला, खात्यात आकडा ४. दुसऱ्यांदा काढलं, परत झालं म्हणाला, आकडा ३! तिसऱ्यांदा म्हणाला हा ऑथोराइजच नाही. पेचकस, तुम्ही म्हणालात अगदी तसंच. मग डेस्कटॉप एकदा जोडला, ४. नवा लॅपटॉप जोडला, ५. सौं.चा सिनेमा लागला, पहिली दहा मिनिटं बघून त्या झोपल्या तो भाग वेगळा.

पण म्हणजे परत पाच भरले. उद्या यातली एखादी मशीन बिघडली तर मी परत त्याच जागी. आणि दुकानात दिलेल्या त्या जुन्या लॅपटॉपचं काय? दुकानदार बोलला होता "अंकलजी सब साफ करके दे दूँगा, टेन्शन मत लो", माझ्यासमोर फॉरमॅट मारला त्याने. मग तो तर गेला असेल ना पाचातून?

---

मालवी_जिरावन | सोमवार, रात्री ९.१५

नाही गेला काका. फॉरमॅट केल्याने तुमचा डेटा गेला, ते चांगलंच झालं, पण नोंद त्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच, ती तिकडे सर्व्हरवर तुमच्या खात्यात आहे. वर्गाला आग लावली म्हणून हजेरीपटावरचं नाव खोडलं जात नाही. काढायचा होता तर फॉरमॅटच्या आधी त्याच लॅपटॉपवर बसून डीऑथोराइज करायला हवं होतं. विकताना, कोणाला देताना, रिपेरिंगला टाकताना, दरवेळी.

आता तो दुरून एकटा काढता येत नाही. "डीऑथोराइज ऑल"नेच निघेल, आणि ते तुमचं भाऊबीजेपर्यंत बंद आहे.

आणि हे बाकीच्यांसाठी पण लिहून ठेवतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, आता जो तो फॉरमॅट मारून ११ टाकायला धावणार किंवा जुनं देऊन नवं घेणार. त्याच्या आधी अकाउंट मेन्यूत जा रे बाबांनो.

---

सुदामानगरची_सून | सोमवार, रात्री १०.३०

काका, दुकानातला राहू दे अडकलेला, पण तुमची मुलगी आणि मुलगा का बसलेत तुमच्या पाचात? राग मानू नका पण आमच्याकडे पण हेच होतं, सासऱ्यांचा पासवर्ड अख्ख्या खानदानाला पाठ, दीर, नणंद, नणंदेचा मुलगा. सासरे बिचारे ओटीपी सांगत बसायचे जेवता जेवता. मग मी अॅपलचं फॅमिली शेअरिंग लावून दिलं, त्यात सासऱ्यांना धरून सहाजण बसतात, प्रत्येकाचा आपला आयडी आपला पासवर्ड, सासऱ्यांनी घेतलेले सिनेमे बहुतेक सगळे त्यांना त्यांच्या आयडीवरून दिसतात. सगळ्यांची खाती एकाच देशाची पाहिजेत एवढंच, नणंद दुबईला गेली तेव्हा तिचं तेवढं अडलं. आणि जो ग्रुप चालवतो त्याच्या कार्डवर सगळ्यांची नवी खरेदी येऊ शकते, ते आधी बघून घ्या, मुलं लहान असली तर विचारूनच घ्यायची सेटिंग आहे ती लावा. आम्ही नव्हती लावली.

मुलीला सांगा लॅपटॉपवरून तुमचं डीऑथोराइज कर. एक जागा लगेच मोकळी.

---

रामबागकर | मंगळवार, रात्री ९.२५

मुलीला सांगितलं, तिने बडोद्याहून पाच मिनिटांत केलं, आकडा ४. वर म्हणाली बाबा मी एप्रिलपासून उघडलंच नाही ते. मुलाला सांगितलं तर म्हणतो "बाबा माझा मॅक राहू दे, मी बघतो रात्री." म्हटलं मग तुझा वेगळा आयडी घे, फॅमिलीत बस, तर म्हणाला दिवाळीत आलो की करू, तेव्हाच ते बटण पण परत दाबून टाकू, दुकानातला लॅपटॉप उडेल.

आता माझ्याकडे एक जागा मोकळी आहे आणि तिचं मी काय करू मला सुचत नाहीये, पण मोकळी आहे.

---

कॅसेटवाले_नाना | मंगळवार, रात्री ९.५०

मुलाने बटण नक्की कधी दाबलं होतं? भाऊबीजेलाच ना? गेल्या वर्षीची, २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. यंदाची, २०२५ ची २३ ऑक्टोबरला आहे, तिथी ११ दिवस आधी येतेय. वर्ष पंचांगाने नाही, तारखेने मोजणार ते. मुलगा ओवाळून घेऊन पुण्याला परत जाईल तेव्हा बटण अजून उगवलेलंच नसेल.

---

रामबागकर | मंगळवार, रात्री १०.०२

नाना 🙏

३ नोव्हेंबरच्या पुढे कॅलेंडरवर खूण करून ठेवली. यंदा मीच दाबतो, जिलेबी आणायला त्याला पाठवीन.